चकाकत्या चुन्याची कुळकथा

सिसिलीतल्या पालेर्मो शहरातलं सान लोरेन्झोचं प्रार्थनागृह म्हणजे चर्च नव्हे. गृहस्थांच्या एका धार्मिक मंडळाची ती प्रार्थनेला जमायची खोली. शिल्पकार जाकोमो सेर्पोत्ताने १६९९ ते १७०६ या काळात तिच्या भिंतींवर संतांचे प्रसंग, सद्गुणांच्या मूर्ती आणि बागडणारी बाळं चुन्यात घडवली. तो चुना संगमरवरासारखा चकाकतो. संगमरवर परवडेना म्हणून ही युक्ती, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लाकूड, तार आणि चिंध्यांच्या सांगाड्यावर चुना-वाळू लिंपून आकार द्यायचा, हे स्वस्त खरंच. पण स्वस्ताईने फार तर चुन्याची निवड उलगडते. वर चुना आणि संगमरवराच्या पुडीचा पातळ हात देऊन तो घोटत बसण्याची उठाठेव कशासाठी? शिवाय याच मंडळाच्या बाकांवर शिंपल्याचा जडाव आहे, आणि वेदीवर काराव्हाज्जोचं येशूजन्माचं चित्र होतं. हात आखडणाऱ्यांचा हा थाट नव्हे.

माझ्या मते ही चकाकी त्या खोलीच्या घडणीतून आली. मंडळी भिंतींलगतच्या बाकांवर समोरासमोर बसत, म्हणजे शिल्पं अगदी नजरेजवळ. भिंतीपासून सुटून पुढे झुकणारी बाळं दगडात जड झाली असती. चुन्यात जमली, पण इतक्या जवळून मंद, खरबरीत चुना उघडा पडला असता. घोटाई तिथे गरजेची ठरली. यावर कोणी म्हणेल, पुडीचा चुना तर प्राचीन रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसच्या ग्रंथातच आहे आणि चित्रकार राफाएलचा शिष्य जोव्हान्नी दा उदिने याने तो पुन्हा वापरात आणला. बरोबर, घराणं जुनंच, आणि सेर्पोत्ताचे वडील संगमरवराचे मूर्तिकार, तेव्हा दगडाची झळाळी त्याला घरचीच. तरी ही नुसती दगडाची नक्कल म्हणता येत नाही. तेव्हाच्या पालेर्मोत मिरवत होता तो रंगीत संगमरवराचा जडाव. नक्कलच करायची तर चुनाही रंगवता आला असता. त्याने सोन्याचा किंचित स्पर्श सोडता सगळं पांढरं ठेवलं, आणि वेदीवरचं गडद चित्र तर त्याच्या कितीतरी आधीचं; तेव्हा हा पांढरा त्या गडद चित्राच्या जोडीलाच ठेवला असावा. १९६९ साली ते चोरीला गेल्यावर या पांढऱ्याचा जोडीदारच नाहीसा झाला. २०१५ साली तिथे हुबेहूब प्रत बसवली. भिंती इतक्या उजळ का ठेवल्या, हे तिच्याशेजारी आता पडताळता येतं.