नकाशावर पडलेले ऊन

उमरोळीत जमिनीचा व्यवहार निघाला की सातबाऱ्याच्या जोडीने गावनकाशाची प्रत मागितली जाते. पालघर आणि बोईसर यांच्या मधले हे गाव. एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कोळगावातले नवे जिल्हा मुख्यालय. अशा ठिकाणी गुंठ्याला भाव असतो आणि बांधाच्या रेषेवरून भाऊबंदकी होते. ही रेषा मूळ कागदावर शाईने ओढली ती मोजणीदाराने. तिच्या प्रती मात्र उन्हाने काढल्या. छायाचित्र म्हटले की आपल्याला माणसांचे चेहरे आठवतात. त्याच विद्येची एक शाखा मुकाट्याने तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बसली, तिचा हा मागोवा.

त्यासाठी आपण 1839 सालापाशी जाऊ. पॅरिसमध्ये दागेरच्या चांदीच्या पत्र्यावरील छायाचित्राचा डंका वाजला तो याच वर्षी. त्या गदारोळात स्कॉटलंडच्या मंगो पाँटनकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद उन्हाने रंग बदलतो, एवढेच त्याने दाखवले होते. पण हा क्षार चांदीहून कितीतरी स्वस्त होता. 1852 मध्ये इंग्लंडच्या टॅल्बटने हाच क्षार जिलेटिनमध्ये मिसळला आणि ऊन लागलेले जिलेटिन टणक होऊन पाण्यात विरघळत नाही, हे हेरले. 1855 मध्ये फ्रान्सच्या पॉइतव्हाँने त्या टणक भागावर तेलकट शाई चढवली, आणि छायाचित्राला छापखान्याचे दार उघडले. आपल्याकडेही या विद्येची वर्दी उशिरा पोचली असे नाही. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार. भाऊ दाजींचे नाव आज मुंबईतल्या संग्रहालयावर आहे. नारायण दाजींना मात्र आपण जवळजवळ विसरलो, हे बरे झाले नाही.

इकडे मुलखात जमीन मोजली जात होती. 1835 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेली मोजणीची पद्धत हळूहळू मुंबई इलाखाभर पसरली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. साखळीभर लांब-रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. नकाशे झाले, पण नकला हातानेच करायच्या, आणि नक्कल करताना नकलनविसाचा हात जरा हलला तर एखाद्याचा बांध सरकायचा. यावर तोड निघाली ती 1859-60 मध्ये. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला हेन्री जेम्स यांच्या नकाशा खात्यात आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जॉन ऑस्बोर्नकडे, पॉइतव्हाँचीच वाट पुढे नेत, नकाशाचे छायाचित्र थेट छपाईला जुंपले गेले. यातल्या जस्ताच्या पत्र्यावरच्या रीतीचे नाव फोटोझिंको, आणि त्या नावाचे सरकारी छापखाना-खाते पुण्यात उभे राहिले.

काम कसे चाले ते जवळून पाहू. मूळ नकाशाचा काचेवर निगेटिव्ह घ्यायचा. त्यात कागद काळा आणि रेषा पारदर्शक. जिलेटिन-डायक्रोमेटचा कागद त्याखाली दाबून उन्हात धरला की फक्त रेषांखालचे जिलेटिन टणक होई. मग सगळ्या कागदावर तेलकट शाई फासून तो कोमट पाण्यात धुवायचा. मऊ जिलेटिन शाईसकट वाहून जाई, उरत फक्त रेषा. त्या जस्तावर दाबून उतरवल्या की हव्या तितक्या प्रती काढा. ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात, म्हणजे आजच्या पालघर परिसरात, गावांची शीव, सर्व्हे नंबर आणि ओढे दाखवणारे कागद दप्तरात आले ते अशा छपाईतून. अशा गावनकाशांचे नेहमीचे प्रमाण एका इंचाला 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट.

पुढचा प्रवास भराभर झाला. 1842 मध्ये इंग्लंडच्या हर्शेलने शोधलेली लोहक्षारांची निळी प्रत अभियंत्यांनी उचलली, विसाव्या शतकात तिची जागा अमोनिया प्रिंटने घेतली. त्या उग्र वासाच्या गुंडाळ्या तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या माणसांना आजही आठवत असतील. मग झेरॉक्स आले, स्कॅनर आला.

आणि आता ड्रोन. जुन्या गावनकाशात गावठाण म्हणजे नुसता एक कोरा तुकडा असे. शेतसारा शेताला होता, घराला नव्हता. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या हद्दींवर आधी चुन्याच्या रेघा मारतात, मग वरून ड्रोन छायाचित्रे टिपतो आणि ती जोडून घरागणिक नकाशा होतो. म्हणजे आता कॅमेरा नकाशाची नक्कल करीत नाही, नकाशाच बनवतो. माझ्या मते 1860 नंतरचा सर्वांत मोठा पालट हाच. तरीही वाद पेटला की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे जुने टिपणच काढावे लागते. तेव्हा स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती त्या दप्तरांच्या राखणदारांना जरूर करावी. कारण स्कॅनमध्ये पुसट झालेली रेषा पडताळायची झाली, तर मूळ कागदावाचून दुसरा साक्षीदार नाही.