पारडीचे गवत

उजाड कुरणे पुन्हा उभी करायची, गुरांबरोबर हरणांनाही चारा मिळवून द्यायचा, असा विषय निघाला की देशी वाणांमध्ये मारवेलचे नाव आधी घेतले जाते. गुजरातीत हाच जिंजवो. एकदा रुजला की वर्षानुवर्षे फुटतो, आणि जनावर तो आवडीने खाते. त्याची शिफारस योग्यच आहे. पण वाण ठरवण्याआधी ते गवत कोणाच्या हक्काचे, हे ठरावे लागते. जुन्या सुरत जिल्ह्याचा इतिहास तेच सांगतो.

पारडी तालुका आज वलसाडमध्ये आहे. 1953 साली तो सुरत जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात होता. तिथल्या जमीनदारांनी मोठाले पट्टे गवताखाली ठेवले होते. नांगरणी नाही, पेरणी नाही. पावसाळा सरला की कापायचे, गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना विकायचे. 1948 च्या कूळकायद्यानंतर या गवताला आणखी एक किंमत आली: जिथे नांगर चालत नाही, तिथे कूळ म्हणून हक्क सांगायलाही कोणी उरत नाही. भात-नागली पिकवू शकणारा आदिवासी त्याच जमिनीवर हंगामी कापणीचा मजूर झाला. 1 सप्टेंबर 1953 रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता या समाजवाद्यांच्या पुढाकाराने आदिवासींनी घासिया, म्हणजे गवताखालच्या, जमिनीत शिरून ती खणायला सुरुवात केली. हा खेड, म्हणजे जमीन कसण्याचा, सत्याग्रह चौदा वर्षे रेंगाळला. तडजोड झाली 1967 मध्ये. दक्षिणेला ठाण्यात हीच नस आधी दुखावली होती. 1945 साली वारली आदिवासींनी 500 रतल गवत कापण्याला अडीच रुपये मागितले, आणि तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगड हा वारली मारला गेला.

यावर कोणी म्हणेल, जमीनदाराने निदान गवत तरी राखले. नांगराने तेही गेले असते. यात तथ्य आहे. उथळ, मुरमाड जमीन नांगरली की माती धुपते, आणि मोडलेले कुरण सहज परत येत नाही. पण पारडीचे गवत रानातल्या जीवांसाठी राखलेले नव्हते. त्याचा बाजार मुंबईत होता, आणि भोवतालची माणसे उपाशी ठेवून राखलेले कुरण शेवटी कुदळीखाली आले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कुरण गावाच्या हाती दिले की अतिचराई होते, मारवेल-पवन्यासारखी चांगली गवते हटतात आणि निकस कुसळी माजते. हे खरेच घडते. मात्र ते मोकाट चराईचे फळ आहे, हक्काचे नव्हे. पावसाळ्यात चराईबंदी, फुलोऱ्याच्या सुमारास कापणी आणि काही पट्टे बी गळेपर्यंत तसेच सोडणे, एवढे नियम गाव पाळू शकते. पण पुढच्या वर्षीचे गवत आपलेच असेल याची खात्री असली तरच पाळते. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीपुरता चराईचा हक्क आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार गावाला दिला आहे. सुरत-वलसाड पट्ट्यात गवताचे बी टाकण्याचा कोणताही कार्यक्रम ग्रामसभेच्या ठरावाने सुरू व्हावा, आणि कापणीचा पहिला वाटा कापणाऱ्या गावाला मिळावा.