हिरड्याचा तुरटपणा आणि पेशीची वेस

आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं डिंभे हें गांव आहे. तेथून पश्चिमेकडे सह्याद्रीच्या उतारांवर हिरड्याचीं झाडें लागतात. महादेव कोळी कुटुंबें त्यांचीं फळें वेंचून, वाळवून विकतात. ज्या श्रोत्यांनीं हिरड्याची फोड चघळली असेल, त्यांना तिची तोंडास बसणारी ओढ ठाऊक आहेच. हिरड्यांतील टॅनिन हें तुरट द्रव्य लाळेंतील प्रथिनांना आवळून धरतें, म्हणून जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. याच गुणामुळें हिरड्यानें कातडें कमावतां येतें. आणि याच गुणामुळें टॅनिननें जीवशास्त्रांतील एक मोठें कोडें सोडविण्यास हातभार लावला.

१६६५ सालीं रॉबर्ट हुकनें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला व त्यांतील रिकाम्या खणांना ‘पेशी’ म्हटलें. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राऊननें पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधलें. १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान यांनीं वनस्पति व प्राणी पेशींचेच बनले आहेत, असें प्रतिपादन केलें. परंतु पेशीच्या आंतील द्रव बाहेरच्या पाण्यांत मिसळून कां जात नाहीं?

या प्रश्नाचा धागा जुना होता. १७४८ सालीं आबे नोलेनें मद्यार्कानें भरलेल्या भांड्याचें तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातडीनें बांधून तें पाण्यांत बुडविलें. पाणी आंत शिरलें व कातडी टम्म फुगली. मग १८६७ सालीं मॉरित्स ट्राउबे यानें सरसाचा थेंब टॅनिक आम्लांत सोडला. हा गृहस्थ धंद्यानें द्राक्षदारूचा व्यापारी! दोन्ही द्रव भेटतांच थेंबाभोंवतीं पापुद्रा धरला. पाणी आंत गेलें, पापुद्रा ताणला, आणि जणूं जिवंत पेशीच वाढूं लागली. पापुद्रा पाण्यास वाट देतो, परंतु कित्येक द्रव्यांना अडवितो, हें त्यावरून दिसलें. १८७७ सालीं फेफरनें मातीच्या सच्छिद्र भांड्यांत तसाच पापुद्रा बसवून पाण्याच्या या ओढीचा दाब मोजला.

पुढें ओव्हरटननें दाखविलें कीं, तेलांत विरघळणारीं द्रव्यें पेशींत सहज शिरतात. अर्थात् तिचें पटल स्निग्ध असावें. १९२५ सालीं खोर्टर व ग्रेंडेल यांनीं तें दुपदरी असल्याचें अनुमान केलें. मग मीठ-साखर आंत जाते कोठून? डिंभ्याच्या धरणाकडे पाहावें: नुसती भिंत पाणी अडवील, पण शेतास पाणी मिळतें तें दारांमुळें. पेशीपटलांतही प्रथिनांचीं दारें आहेत. त्यांतील कांहीं शक्ति खर्चून क्षार बाहेर लोटतात, असें १९५७ सालीं स्कौ यांनीं दाखविलें. पाण्याचें खास दार ॲग्रे यांनीं १९९२ सालीं सिद्ध केलें.

१९६० सालीं रॉबर्ट क्रेन यांनीं मांडलें कीं, आंतड्यांतील एका दारानें मिठांतील सोडियम व साखर जोडीनें आंत जातात. त्यांच्यामागून पाणीही जातें. पटकी झाली असतां शरीरांतील पाणी व क्षार झपाट्यानें वाहून जातात, परंतु हें दार चालूच राहतें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें औषध अपुरें पडलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मिसळलेलें पाणी पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें.

आज कोणत्याही घरीं एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून हगवणीच्या रोग्यास थोडें थोडें पाजतां येतें. वैद्य येईपर्यंत या पाण्यानें पुष्कळ मुलें वांचतात. हिरड्याच्या तुरटपणाशीं नातें सांगणारा तो पापुद्रा आणि घरांतील हा पेला यांच्यामध्यें शंभर वर्षांचें संशोधन आहे. आणि पेशीची ती वेस ओळखणाऱ्या आईच्या हातीं त्याचें फळ आहे.