आवई का उठते?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग्यांना जबरीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम निघाला. तेथे माणसे मारतात अशी आवई उठली आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढे १८९७ साली साथरोग कायदा झाला.

तोच कायदा २०२० साली पुन्हा बाहेर निघाला. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी पुकारली. अंमल त्याच मध्यरात्रीपासून. १४ एप्रिलला सकाळी मुदत ३ मेपर्यंत वाढली. दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर हजारावर मजूर जमले. गाड्या सुटणार, ही वार्ता पसरली होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मजुरांना हिंदीतून धीर दिला. तो शब्द सकाळीच हवा होता.

त्या दिवसांत अंधेरीच्या खोल्यांतून आम्हां कार्यकर्त्यांना एकच प्रश्न येई : "गावाची गाडी कधी?" उत्तर कोणाजवळ नव्हते. श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मेला.

अफवा पिकवणाऱ्याला शासन व्हावे, हे मलाही मान्य. परंतु अफवा पिकते ती पडीक जमिनीत. तेथे वेळेवर खरी माहिती पेरणे हे राज्यकर्त्यांचे काम. आणि ती मागून घेणे, हे आपले.