केपमधलं नाटकघर

केपटाउनमध्ये 1831 साली हौशी नटांनी जर्मन संगीतकार वेबरचं ‘डेर फ्रायशुत्झ’ केलं. बर्लिनला त्याचा पहिला प्रयोग झाला 18 जून 1821 रोजी. म्हणजे दहाच वर्षांत हे जर्मन प्रकरण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन पोचलं. त्याची गणना ऑपेरात होते, पण गाण्यांच्या मधे त्यात चक्क गद्य संवाद आहेत. जर्मनांनी या प्रकाराला ‘झिंगश्पील’ असं नाव दिलंय. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’वर कान तयार झालेल्या आपल्यासारख्यांनी त्याला बेधडक संगीत नाटक म्हणावं.

गोष्ट साधी आहे. माक्स नावाच्या शिकाऱ्याला नेमबाजीची परीक्षा जिंकल्याशिवाय त्याची लाडकी आगाटे मिळायची नाही, आणि नेमका त्याचा नेम चुकायला लागलाय. कास्पार हा दुसरा शिकारी त्याला मध्यरात्री लांडग्यांच्या दरीत नेतो. तिथे सात गोळ्या ओतायच्या: सहा बरोबर लागणार, सातवी मात्र सैतान म्हणेल तिथे. कास्पार एकेक गोळी ओतत मोठ्याने आकडा म्हणतो, दरी तोच आकडा परत म्हणते, आणि दर गोळीला काहीतरी नवं अंगावर येतं. पाखरं फडफडतात, रानडुक्कर धावून जातं, वादळ उठतं, आगीची चाकं गडगडत जातात. हे सगळं चालू असताना खाली वाद्यं वाजतायत आणि वर नट गात नाही, बोलतो. माझ्या मते सगळ्या नाटकाचा जीव या एका प्रवेशात आहे. हौशी मंडळींनाही तो सोयीचाच असणार, कारण आवाज बेताचा असला तरी इथे आरडाओरडा आणि पत्र्याचा गडगडाट यांवर वेळ मारून नेता येते.

केपला पोचण्याआधीच नाटकाची बरीच मोडतोड झाली होती. 1824 मध्ये लंडनच्या निरनिराळ्या नाटकगृहांनी त्याची आपापल्या सोयीची रूपं लावली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कास्तिल-ब्लाझने त्याचं नाव आणि बराचसा ऐवज बदलून ‘रोबँ दे ब्वा’ केलं. वेबर 5 जून 1826 ला लंडनच्या मुक्कामातच वारला. कलाकृतीच्या शुद्धतेची चिंता तेव्हा फारशी कोणी करत नसे. चाललं ना, मग झालं.

पण केपमध्ये जर्मन नाटक काही वेबरपासून सुरू झालं नाही. आणि मुळात तिथे नाटकाची हौस लावली ती फ्रेंच शिपायांनी. 1780 च्या दशकात पाँडिचेरीचं नाव लावणाऱ्या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी तिथे ‘सेव्हिलचा न्हावी’ केलं होतं. 1795 मध्ये डचांच्या या वसाहतीत इंग्रज आले. त्यांचा गव्हर्नर सर जॉर्ज यंग याने शेतकऱ्यांच्या बैलगाड्या सुटायच्या त्या मैदानावर ‘आफ्रिकन थिएटर’ उभं करवलं; ते 1801 मध्ये सुरू झालं. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याच वर्षी यंगला परत बोलावण्यात आलं. नाटकघर मात्र राहिलं.

इथे इंग्रजी नाटकं होत, फ्रेंच होत आणि डचही होत. डच नाटकांची मेख अशी की त्यांतली कितीतरी मुळात जर्मन असत. सगळ्यांत जास्त चलती आउगुस्ट फॉन कोत्सेबूची. वायमारमध्ये 1761 साली जन्मलेल्या या माणसाने दोनशेच्या वर नाटकं लिहिली आणि 1819 मध्ये मानहाइमला एका विद्यार्थ्याने सुरा खुपसून त्याला मारलं. रडवायचं कसं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि रडणाऱ्याला नाटक कुठल्या देशाचं याच्याशी काय देणंघेणं! त्याचं पेरूवरचं नाटक शेरिडनने इंग्रजीत ‘पिझारो’ म्हणून नेलं, आणि पुढे आगा हश्र काश्मिरीने त्यावरून उर्दूत ‘असीर-ए-हिर्स’ बेतून ते पारशी रंगभूमीवर आणलं. केपमध्ये कोत्सेबू डच होऊन आला, आणि त्यात अवघडलेपण नव्हतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई म्हणून आलेले कितीतरी जर्मन तिथे एव्हाना पुरते डच झाले होते.

डच नाटकं चालण्याचं आणखी एक कारण मला जास्त वजनाचं वाटतं. 1822 मध्ये गव्हर्नर सॉमरसेटने फर्मान काढलं की सरकारी कामकाज टप्प्याटप्प्याने इंग्रजीत होईल. त्याच दशकात डच हौशी नाट्यमंडळ्यांना बहर आला. कचेरीतून हाकललेली भाषा रंगमंचावर जाऊन बसली. या मंडळ्यांमधला मोठा उलाढाल्या माणूस म्हणजे शार्ल एत्येन बोनिफास. जन्म पॅरिसचा, 1807 मध्ये केपला आलेला. शिकवण्या करी, संगीत जाणे, नाटकं बसवी आणि लिही. 1832 मध्ये त्याने ‘दे नीवे रिडरऑर्डे’ हे डच प्रहसन लिहून दारूबंदीवाल्यांची आणि मिशनऱ्यांची रेवडी उडवली.

रेवडी उडवलेली माणसं मात्र वरचढ ठरली. धर्मनिष्ठ मंडळींना नाटक म्हणजे पाप, आणि आता शहरात त्यांचा शब्द चालू लागला होता. 1 डिसेंबर 1834 ला गुलामगिरी कायद्याने संपली. पण गुलामांवर लादलेली सक्तीची उमेदवारी सुटायला 1838 चा डिसेंबर उजाडला. मुक्त झालेल्या सुमारे 38,000 माणसांत मोझांबिकचे, मादागास्करचे, जावाचे होते, तसे आपल्याकडून बंगाल-मलबारहून नेलेल्यांचे वंशजही होते. धनिकांच्या वाड्यांवर नाचाच्या रात्री सारंग्या-बासऱ्या वाजवायला यांच्यातलेच लोक असत. आता त्यांच्यासाठी शाळा आणि प्रार्थनाघर हवं होतं. ते याच नाटकघरात उघडलं. विरोधकांनी प्रार्थना चालू असताना दगड मारले, म्हणून दगडांनी मारल्या गेलेल्या संत स्टीफनचं नाव चर्चला मिळालं, असं सांगतात. इमारत आजही रिबेक चौकात उभी आहे.

बोनिफास नाताळ प्रांतात निघून गेला. पीटरमारिट्झबर्गला, म्हणजे जिथे पुढे गांधीजींना आगगाडीतून उतरवलं त्या गावात, 1844 मध्ये ‘दे नाताल्येर’ हे वर्तमानपत्र निघालं आणि तो त्याचा संपादक झाला. इंग्रजांनी नाताळ ताब्यात घेऊन वर्ष होत आलं होतं. या फ्रेंच माणसाचं पत्र निघालं ते डचमध्येच.