थेऊरचा हिशेब

पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेच्या काठी थेऊर आहे. अष्टविनायकांच्या यात्रेला निघालेली मंडळी तेथे चिंतामणीचे दर्शन घेतात, लाकडी सभामंडपात घटकाभर टेकतात आणि पुढच्या गणपतीची वाट धरतात. तो सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधविला आणि याच थेऊरात त्यांनी देह ठेवला, हे बहुतेकांना ठाऊक असते.

वर्गात मीही हा भाग दोन वाक्यांत उरकीत असे. "माधवरावांस राजयक्ष्मा झाला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते वारले." फळा पुसला की नारायणरावांचा वध सुरू! एके वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, आपण वाचणार नाही हे त्यांना कळले होते का?"

"कळले होते," मी म्हणालो.

"मग तेवढे दिवस ते काय करीत होते?"

घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली. पण प्रश्न काही सुटला नाही.

पानिपतानंतरच्या खचलेल्या राज्याची वस्त्रे १७६१ साली या मुलाच्या अंगावर आली, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. पुढच्या अकरा वर्षांत त्याने १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाला नमविले, हैदराला वचक बसविला आणि घरातल्या काकांशीही झुंज घेतली. १७७० साली कर्नाटकाच्या स्वारीत प्रकृतीने दगा दिला, तेव्हा फौज त्रिंबकमामा पेठ्यांच्या हवाली करून त्यांना माघारी फिरावे लागले. १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आश्रयाने दिल्लीच्या तख्तावर परत बसला. राज्याला पुन्हा तेज चढत होते आणि राज्यकर्ता खंगत होता.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने दाखविले ते १८८२ साली, आणि त्यावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हाती आले ते १९४३ साली. माधवरावांच्या वैद्यांपाशी काढे होते, मात्रा होत्या, पथ्य होते, उपाय नव्हता.

अशा स्थितीत त्या माणसाने काय केले? त्याने नऊ कलमांची एक याद करविली. राज्याचे कर्ज खाजगीतून फेडावे, काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे सोडवावीत, राघोबादादांच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असा तिचा रोख आहे. ज्या काकांना १७६८ साली धोडपला पराभूत करून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले, त्यांनाच जवळ बोलावून धाकट्या नारायणरावांचा हात त्यांच्या हाती दिला, असे सांगतात.

मी ती कलमे पुन्हा पुन्हा वाचली. रोग बरा व्हावा असे त्यांत काही नाही. मागून आलेल्यांस जड जाऊ नये, एवढेच आहे.

येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. माझे थोरले बंधू अण्णा कर्करोगाने गेले. डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सारे सांगितले. आम्ही अण्णांना काही कळू दिले नाही. "अल्सर आहे, बरा होईल," असे सारे घर तोंड भरून बोलत होते. एके दुपारी त्यांनी देण्याघेण्याची वही मागितली. मी म्हणालो, "आता कशाला दगदग, अण्णा? बरे झालात की बघा." त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि कूस बदलली. वही मी कपाटात ठेवली. ते गेल्यावर ती उघडली, तेव्हा दोन नावांपुढे आकडे होते आणि खुलासा नव्हता. त्या माणसांचे देणे होते की येणे, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स या डॉक्टरीणबाईंनी असाध्य रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. रोग्याचे दुखणे केवळ शरीराचे नसते. मनाची घालमेल, घरादाराची काळजी, देवाशी चाललेला वाद, हे सारे मिळून एक दुखणे असते, असे त्या सांगत. रोग हटत नसला तरी वेदना हटविता येते आणि उरलेले दिवस माणसाचे स्वतःचे राहू शकतात, हा त्यांचा धडा. मुंबईतही १९८६ साली शांती आवेदना आश्रम याच कामासाठी उभा राहिला. त्या धड्यातले निम्मे औषध मी अण्णांच्या हातून काढून घेतले होते.

म्हणून थेऊरची गोष्ट गोड करून सांगण्याचा मोह मी टाळतो. माधवरावांनी जोडून दिलेले हात टिकले नाहीत. दहा महिनेही लोटले नव्हते, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले, आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले. आणि रमाबाई? पतीबरोबर त्या चितेवर चढल्या. लोक त्यांच्या स्मारकापुढे हात जोडतात. मीही जोडतो, पण त्या प्रथेसाठी नव्हे. नऊ कलमे पतीच्या मनातली आपल्यापर्यंत आली. शेजारी बसून त्याला झिजताना पाहणाऱ्या त्या तरुण स्त्रीचे मन मात्र कोणत्याही कलमात सापडत नाही.

माधवराव गेले ती तिथी कार्तिक वद्य अष्टमी. म्हणजे पाडवा होऊन तीन आठवडे झाले होते. पाडव्याला आपल्याकडे नव्या वह्या पूजतात. गेली काही वर्षे त्या दिवशी मी अण्णांची जुनी वहीही पाटावर ठेवतो. आणि वर्गात थेऊर आले की फळा लवकर पुसत नाही. कोणीतरी तो प्रश्न विचारील, याची वाट पाहतो.