आधी हालचाल, मग स्पर्श : निकामी हाताला जागे करण्याचा इतिहास

डोळे मिटून खिशात हात घाला आणि नाण्यांमधून किल्ली बाहेर काढा. सहज जमेल. बोटे हलवली तुम्ही, पण किल्ली सापडली ती स्पर्शामुळे. हाताचे काम असे दुहेरी असते. मेंदूचा हुकूम खाली येतो आणि स्पर्शाची खबर वर जाते. मानेत मज्जारज्जूला मोठी इजा झाली की दोन्ही वाटा बंद होतात. हात शाबूत असतो, संपर्क तुटतो.

हा संपर्क विजेच्या साहाय्याने जोडण्याची मुळे १७९१ पर्यंत जातात. त्या वर्षी इटलीच्या गॅल्वानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विजेमुळे स्नायू आखडतो, हे त्यातून दिसले. १९३७ मध्ये माँट्रियलचे न्यूरोसर्जन पेनफिल्ड यांनी मेंदूचा कोणता भाग कोणत्या अवयवाचा, हे दाखवून दिले. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन त्यांनी ही माहिती गोळा केली. हात आणि बोटांनी मेंदूत बरीच मोठी जागा अडवलेली असते.

१९९७ मध्ये अमेरिकेत 'फ्रीहँड' या उपकरणाला मान्यता मिळाली. छातीत त्वचेखाली यंत्र आणि हाताच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड, अशी त्याची रचना होती. रुग्ण दुसऱ्या बाजूचा खांदा हलवून मूठ उघडत-मिटत असे. काट्याने जेवणे, पेन धरणे शक्य झाले. पण काही वर्षांतच ते बाजारातून गेले. शरीरात बसवलेल्या यंत्राची पुढे देखभाल कोण करणार, हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

मोठी झेप २०१६ ची. ओहायोमधील इयान बर्कहार्ट यांच्या मेंदूतील चिपचे संकेत संगणकाने वाचले आणि हातावरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रोडमार्फत स्नायूंना दिले. मनात आणताच त्यांचा स्वतःचा हात हलू लागला. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संशोधकांनी उलटी वाट उघडली. रोबोच्या बोटांना स्पर्श होताच नेथन कोपलँड यांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह दिला जाई, आणि स्पर्श स्वतःच्याच हाताला झाल्यासारखा त्यांना वाटे. २०२१ मध्ये दिसले की, अशी स्पर्शाची जोड मिळाल्यावर वस्तू उचलून ठेवायला त्यांना जवळपास निम्माच वेळ लागला.

मग हे उपचार आपल्याला मिळतील का? मेंदूत चिप बसवण्याचे हे काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. त्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया लागते. जंतुसंसर्गाचा धोका असतो. म्हणून खात्रीचा इलाज सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नका.

घरात असा रुग्ण असेल तर आजच करण्यासारखे बरेच आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करा, कारण बोटांचे सांधे एकदा आखडले की विजेने स्नायू हलवूनही मूठ नीट उघडत नाही. बधिर हाताला चटका कळत नाही. त्यामुळे गरम चहाचा कप, शेकायची पिशवी, अंघोळीचे पाणी आधी दुसऱ्याने तपासावे. रोज झोपण्यापूर्वी हातावर फोड किंवा जखम नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. स्पर्श करू शकत नाही ते काम तोवर नजरेने करायचे असते.